दप्तर कोणाकडे?

आमच्या सोसायटीचं ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली. एक टेबल, तीन खुर्च्या, पाण्याच्या पंपाचा स्टार्टर आणि एक गोदरेजचं कपाट. त्या कपाटाची किल्ली अकरा वर्षं माझ्या खिशात होती, कारण मी सेक्रेटरी होतो. चेअरमनसाहेब वेगळे. पंधरा ऑगस्टला झेंडा ते फडकवायचे, गणपतीत पहिली आरती त्यांची, नगरसेवक आले की हार त्यांच्या हातून. मी मागे उभा राहून भाड्यानं आणलेल्या खुर्च्या मोजायचो. पण तुर्भ्यातल्या आमच्या चाळीस बिऱ्हाडांपैकी कोणालाही विचारा, फ्लॅट विकायला ना-हरकत दाखला हवा असला, पार्किंगवरून भांडण झालं, वरच्या मजल्याचं पाणी खालच्या छतातून गळायला लागलं, तर बेल कोणाच्या दाराची वाजायची? जेवणाच्या वेळेला तर हमखास माझीच.

माझा पुतण्या एमपीएससीचा अभ्यास करतो. मागच्या दिवाळीत फराळाला आला, तेव्हा म्हणाला, "काका, शी जिनपिंगना बातम्यांत राष्ट्राध्यक्ष म्हणतात. पण सर म्हणाले, त्यांचं खरं पद कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस. सरचिटणीस म्हणजे जनरल सेक्रेटरीच ना? म्हणजे तुमच्यासारखा माणूस एवढा मोठा देश चालवतो?"

त्याची काकू हसून हसून बेजार झाली. मला मात्र प्रश्न अगदी रास्त वाटला. त्याला तेव्हा दिलेलं उत्तर लांबलं आणि चहा निवला. इथं तेच जरा सावकाशीनं सांगतो.

आधी शब्द बघू. चिटणीस म्हणजे चिठ्ठ्या-पत्रं लिहिणारा. फारसीत 'नवीस' म्हणजे लिहिणारा, त्यावरून आपल्याकडे चिटणीस, फडणीस, पोतनीस, पारसनीस अशी कारकुनांची अख्खी रांग तयार झाली आणि पुढे ती आडनावं झाली. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी. 'सर' म्हणजे वरचा, मुख्य. सरनोबतातला तोच सर. म्हणजे सरचिटणीस हा मुख्य लिहिणारा. आता गंमत पाहा. चिनी भाषेत या पदाला जो शब्द आहे तो 'झोंग शूजी'. शूजी म्हणजे नोंदी लिहिणारा, कारकून. झोंग म्हणजे सर. आपण आणि चिनी लोकांनी एकमेकांना न विचारता तोच शब्द घडवला आहे. व्हिएतनामी लोकांचा 'बी थू' हाही गुपचूप पत्रं लिहिणाराच. आणि चेअरमनला चिनी शब्द आहे 'झूशी', मूळ अर्थ बैठकीतली मुख्य चटई. मुख्य चटईवर बसणारा तो अध्यक्ष, आणि कोपऱ्यात बसून लिहिणारा तो सेक्रेटरी. चटईवरचा मोठा की कोपऱ्यातला, एवढाच काय तो या सगळ्या लेखाचा विषय.

आपल्या लोकांना हे नव्यानं सांगायला नको खरं तर. नाना फडणीस कोण होते? पेशव्यांच्या दप्तरातले हिशेबनीस. १७७४ च्या बारभाईंपासून १८०० मध्ये डोळे मिटेपर्यंत पुण्याचा कारभार कोणाच्या हातानं चालला, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. गादीवर पेशवा, आणि दप्तर नानांकडे.

माझी स्वतःची नोकरीही दप्तराचीच. मसाल्याच्या एका पेढीवर मी मेहताजी होतो. पेढी आधी मशीद बंदरला, मार्केट इकडे हललं तसा तिच्या मागोमाग मीही तुर्भ्याला आलो. हळदीचे कट्टे, मिरचीचा खकाणा, नाकाला रुमाल आणि हातात लाल कापडाची चोपडी. गल्ल्यावर शेठ बसायचे. पण कोणत्या गावच्या व्यापाऱ्याकडे किती बाकी आहे, कोणाची हुंडी परत आली, कोणाला उधार द्यायचं नाही, हे शेठ मला विचारायचे. त्यामुळे चिटणीस या जातीबद्दल मला आतली माहिती आहे, असं समजा.

रशियात १९१७ ला क्रांती झाली तेव्हा हे पद नव्हतंच. लेनिन सरकारचे प्रमुख होते, पक्षात सर्वांत मोठे होते, पण पक्षातलं मोठेपण त्यांच्या शब्दाचं होतं, खुर्चीचं नव्हतं. पक्षाची माणसं कुठं कोण आहे, हे स्वेर्दलोव्ह नावाच्या गृहस्थाच्या डोक्यात असायचं. तो १९१९ मध्ये वारला आणि ते सगळं त्याच्याबरोबर गेलं. मग कचेरी उभी राहिली, कार्डं तयार झाली, आणि ३ एप्रिल १९२२ रोजी सरचिटणीस म्हणून स्टालिन यांची नेमणूक झाली. फारसा कोणी आक्षेप घेतला नाही. त्या पक्षातली मोठी मंडळी भाषणं करणारी, पुस्तकं लिहिणारी. टेबलावर बसून कुठल्या जिल्ह्यात कोणाला पाठवायचं याची यादी करणं हे त्यांना हलकं काम वाटायचं. स्टालिन यांना काही जण कार्डांचा कॉम्रेड म्हणून चिडवतही. आमच्या सोसायटीत इंजिनिअर आहेत, वकील आहेत, एक निवृत्त प्राध्यापक आहेत. सेक्रेटरी व्हा म्हटलं की सगळ्यांना एकदम वेळ नसतो. मग नंतर तेच विचारतात, हा मेहताजी एवढा शिरजोर कसा झाला?

कसा होतो ते सांगतो. समजा, आमच्या इमारतीत राहायला कोणी यायचं हे सेक्रेटरीनं ठरवायचं. प्रत्येक मजल्याचा प्रमुखही त्यानंच नेमायचा. मजल्याचे प्रमुख आपापल्या मजल्यावरून सभेला कोणी जायचं ते ठरवणार. सभा कमिटी निवडणार. आणि कमिटी निवडणार सेक्रेटरीला. कागदावर सगळं खालून वर, अगदी उपविधीप्रमाणे, हात वर करून. प्रत्यक्षात ज्यानं तळाची माणसं नेमली, त्यालाच वरची माणसं निवडून देणार. वर्तुळ पूर्ण. यात कुठं बंदूक नाही, आरडाओरडा नाही. नुसती यादी आहे. सत्तेवरच्या कम्युनिस्ट पक्षाच्या सरचिटणिसाची ताकद या यादीत आहे, आणि पक्ष सत्तेवर असला म्हणजे ती यादी पक्षापुरती राहत नाही. कारखान्याचा संचालक, विद्यापीठाचा प्रमुख, वर्तमानपत्राचा संपादक, जिल्ह्याचा पोलीसप्रमुख, सगळे त्याच कपाटातल्या फायलीतून येतात. रशियनांनी त्या यादीला नाव दिलं होतं नोमेनक्लातुरा.

लेनिन यांच्या हे लक्षात आलं, पण उशिरा. १९२२ च्या डिसेंबरात ते अंथरुणाला खिळले होते. डॉक्टरांनी दिवसाला पाच-दहा मिनिटं मजकूर सांगायची परवानगी दिली होती, आणि डॉक्टरांचं पथ्य पाळलं जातंय का हे बघायचं काम पक्षानं कोणाकडे दिलं होतं? सरचिटणिसाकडे. त्या पाच-दहा मिनिटांत लेनिन यांनी पक्षासाठी एक पत्र सांगितलं. सरचिटणीस झाल्यापासून या माणसाच्या हातात अफाट सत्ता गोळा झाली आहे आणि तो ती जपून वापरेल याची खात्री वाटत नाही, असा त्याचा आशय. पुढे ४ जानेवारी १९२३ रोजी पुरवणी जोडली की हा माणूस फार उद्धट आहे, याला त्या जागेवरून हलवा. लेनिन गेल्यावर, मे १९२४ च्या अधिवेशनात हे पत्र प्रतिनिधींना गटागटानं वाचून दाखवण्यात आलं. छापलं नाही, चर्चा नाही. स्टालिन जागेवरच राहिले. सोव्हिएत जनतेला ते पत्र छापील वाचायला मिळालं १९५६ मध्ये.

एक बारीक गोष्ट इथं सांगायलाच हवी. १९३४ नंतर स्टालिन स्वतःला सरचिटणीस म्हणवून घेईनासे झाले. नुसते चिटणीस. सरकारचं प्रमुखपद तर त्यांनी १९४१ मध्ये घेतलं. मधली सात वर्षं, ज्यात लाखो माणसं तुरुंगात आणि स्मशानात गेली, जगातला सर्वांत धाकाचा माणूस कागदोपत्री पक्षाच्या अनेक चिटणिसांपैकी एक होता. पाटीवर काय लिहिलंय याला किती अर्थ असतो, बघा.

स्टालिन यांच्यानंतरच्या ख्रुश्चेव्ह यांचा किस्सा मला फार आवडतो, कारण तो हुबेहूब सोसायटीतला आहे. ते पहिले चिटणीस, म्हणजे तेच पद, नाव तेवढं बदललेलं. जून १९५७ मध्ये पक्षाच्या सर्वोच्च कमिटीत त्यांच्याविरुद्ध बहुमत झालं. मोलोतोव्ह, मालेन्कोव्ह, कागानोविच ही जुनी खोडं एकत्र आली आणि तुम्ही उतरा म्हणाली. ख्रुश्चेव्ह म्हणाले, मला तुम्ही निवडलेलं नाही, मोठ्या समितीनं निवडलंय, तिची सभा बोलवा. मोठ्या समितीतली माणसं देशभर पसरलेली. संरक्षणमंत्री झुकोव्ह यांनी लष्कराची विमानं सोडली आणि जिल्ह्याजिल्ह्यांचे चिटणीस मॉस्कोत आणून उतरवले. ते कोणी नेमलेले होते हे वेगळं सांगायला नको. सभा झाली, आणि जे उतरवायला निघाले होते तेच उतरले. आमच्याकडे एकदा कमिटीतल्या चौघांनी माझ्यावर ठराव आणला होता, टाकी धुण्याच्या कंत्राटावरून. मी म्हटलं, चालेल, विशेष सर्वसाधारण सभा बोलावू. नोटीस मीच काढली. तारीख मीच ठरवली. पुढचं सांगत नाही.

पण दप्तर सांभाळणाऱ्याचा घात दप्तर सांभाळणाराच करतो. १९६४ च्या ऑक्टोबरात ख्रुश्चेव्ह काळ्या समुद्राकाठी सुट्टीवर असताना त्यांना तातडीनं बोलावून घेतलं गेलं, आणि या वेळी मोठ्या समितीतली माणसं आधीच मोजून ठेवलेली होती. मोजणारे होते ब्रेझनेव्ह, त्यांचेच हाताखालचे चिटणीस. दोन वर्षांनी ब्रेझनेव्ह यांनी पदाचं जुनं नाव परत आणलं, सरचिटणीस, आणि १९८२ मध्ये मरेपर्यंत ते त्या खुर्चीत होते. मग अंद्रोपोव्ह सव्वा वर्ष, चेरनेन्को वर्षभर, दोघेही आजारी. मग मार्च १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह. त्यांनी २४ ऑगस्ट १९९१ रोजी पद सोडलं आणि त्या पदाचा तिथला कारभार संपला.

चीनमध्ये गोष्ट वेगळ्या वळणानं गेली. माओ यांना चटई आवडायची. ते पक्षाचे अध्यक्ष, १९७६ मध्ये मरेपर्यंत. त्यांच्या हाताखाली १९५६ पासून दहा वर्षं डेंग झियाओपिंग सरचिटणीस होते, पण तो खरोखरीचा कारकून-सरचिटणीस, अध्यक्षांनी सांगितलेलं अमलात आणणारा. सांस्कृतिक क्रांतीत माओंनी त्यांना उचलून बाजूला टाकलं. त्यामुळे नंतर सूत्रं हातात आल्यावर डेंग यांनी ठरवलं की पुन्हा कोणी माओ व्हायला नको, चटईच गुंडाळून ठेवू. १९८२ मध्ये पक्षाचं अध्यक्षपदच रद्द झालं. सर्वांत वरचं पद उरलं सरचिटणिसाचं.

आणि मग स्वतः डेंग त्या पदावर बसले नाहीत! त्यांनी आपल्याकडे लष्करी आयोगाचं अध्यक्षपद ठेवलं. सरचिटणीस केले हू याओबांग; त्यांना १९८७ च्या जानेवारीत पद सोडावं लागलं. मग झाओ झियांग. विद्यार्थ्यांवर रणगाडे घालायला ते तयार नव्हते, म्हणून १९८९ च्या जूनमध्ये त्यांनाही जावं लागलं. जगातल्या सर्वांत मोठ्या कम्युनिस्ट पक्षाचे दोन सरचिटणीस एका म्हाताऱ्यानं घरी बसवले, ज्याच्याकडे पक्षातलं सर्वांत वरचं पद नव्हतं, फौज होती. म्हणजे कपाटाची किल्ली पुरत नाही. वॉचमन कोणाचं ऐकतो तेही बघावं लागतं.

झाओ यांच्याबद्दल थोडं थांबतो. त्यानंतर १५ वर्षांहून अधिक काळ, २००५ मध्ये मरेपर्यंत, ते बीजिंगमधल्या आपल्या घरात नजरकैदेत होते. बाहेर पहारा. घरात मुलांच्या गाण्यांच्या आणि पेकिंग ऑपेराच्या जुन्या कॅसेटी पडलेल्या होत्या. त्या पुसून त्यांवर ते गुपचूप आपली हकीगत बोलत राहिले, जवळपास ३० कॅसेटी भरल्या. आलेल्या विश्वासू माणसांबरोबर त्या बाहेर गेल्या आणि २००९ मध्ये त्यांचं पुस्तक झालं. मला यात एक जातिवंत चिटणीस दिसतो. सगळं काढून घेतलं तरी सभेचं इतिवृत्त लिहिल्याशिवाय याला झोप येत नाही.

त्यानंतरच्यांनी धडा घेतला. जियांग झेमिन यांच्यापासून तिन्ही गोष्टी एकाच माणसाकडे द्यायची रीत पडली: पक्षाचं सरचिटणीसपद, लष्करी आयोगाचं अध्यक्षपद आणि देशाचं राष्ट्राध्यक्षपद. यातलं शेवटचं झेंड्याचं आणि हाराचं. २०१८ च्या मार्चमध्ये चीननं राष्ट्राध्यक्षाला दोनच कारकिर्दींची मर्यादा होती ती काढून टाकली, तेव्हा जगभर मथळे झळकले. पुतण्याला मी सांगितलं, अरे, ही मर्यादा फक्त हारवाल्या पदाला होती. सरचिटणीस किती वेळा व्हावं याला पक्षाच्या घटनेत मर्यादा नव्हतीच. शी २०१२ च्या नोव्हेंबरात सरचिटणीस झाले, २०२२ च्या ऑक्टोबरात तिसऱ्यांदा झाले. १० कोटींच्या घरात सभासद, २,३०० च्या आसपास प्रतिनिधी, २०५ जणांची केंद्रीय समिती, २४ जणांचं पॉलिटब्युरो, ७ जणांची स्थायी समिती, आणि वर एक. आमच्या मजल्यांच्या वर्तुळाचं हे मोठं रूप.

बाकीच्या देशांचं एका दमात सांगतो. व्हिएतनाममध्ये सरचिटणीस आहे, लाओसमध्ये आहे, क्यूबात त्याला पहिला चिटणीस म्हणतात. उत्तर कोरियानं मात्र कमाल केली. किम जोंग इल वारल्यावर २०१२ मध्ये त्यांना कायमचे सरचिटणीस घोषित केलं. मुलगा मग पहिला चिटणीस झाला, पुढे अध्यक्ष झाला आणि २०२१ मध्ये शेवटी सरचिटणीस झालाच. कायमचेपणा तिथं नऊ वर्षं टिकला.

आता घरच्या गोष्टीकडे येतो. महाराष्ट्रात कम्युनिस्टांचं राज्य कधी आलं नाही. पण या पदावर बसलेली आपली माणसं मोजा. डिसेंबर १९२५ मध्ये कानपूरला भारतातल्या कम्युनिस्ट पक्षाची परिषद भरली, त्यात दोन सरचिटणीस निवडले गेले. एक सच्चिदानंद विष्णू घाटे, मूळचे मंगळूरचे, काम मुंबईत. दुसऱ्यावर पुढे पोलिसांचा माणूस असल्याचा संशय आला आणि त्याला जावं लागलं. दप्तराच्या जागेवर सरकारचा डोळा पहिल्या दिवसापासून होता, हे त्यातून कळतं. मग १९३३ मध्ये डॉ. गंगाधर अधिकारी. हे पनवेलचे! तुर्भे स्टेशनातून पनवेल लोकल धरली तर पाऊण तासाच्या आत पोचाल त्या पनवेलचे. बर्लिनला जाऊन रसायनशास्त्रात डॉक्टर झाले, १९२८ च्या अखेरीस परत आले आणि तीन-चार महिन्यांतच कम्युनिस्टांवरच्या मीरत खटल्यात आत गेले. पनवेलला मी कैक वेळा गेलो आहे; कोणाला त्यांचं नाव विचारलं तर लोक डॉक्टर म्हणजे दवाखाना कुठं आहे ते विचारतात.

१९४८ मध्ये भालचंद्र त्र्यंबक रणदिवे, पक्षातले बीटीआर. त्यांची दोनच वर्षांची कारकीर्द, पण कम्युनिस्ट मंडळी अजून तिच्यावर वाद घालतात. स्वातंत्र्य खोटं आहे, आत्ताच उठाव करायचा, अशी भूमिका. पक्ष भूमिगत, संपर्क तुटलेला, आणि अशा वेळी वरून आलेलं पत्रक म्हणजे ब्रह्मवाक्य. आधीचे सरचिटणीस पी. सी. जोशी यांनाच पक्षाबाहेर काढलं. ९ मार्च १९४९ चा रेल्वे संप पुकारला, तो झालाच नाही. ९० हजारांच्या आसपासची सभासदसंख्या १९५० पर्यंत २० हजारांच्या घरात आली. मग बीटीआर उतरवले गेले. मला इथं महत्त्वाचं वाटतं ते हे, की ते उतरवता आले. हाताखाली राज्य नव्हतं, तुरुंग नव्हते, नोकऱ्यांची यादी नव्हती. लोक पक्ष सोडून घरी जाऊ शकत होते, आणि गेले. पुढे बीटीआर सिटू या कामगार संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले, शेवटपर्यंत कामगारांत राहिले. ही संधी मॉस्कोत पराभूत चिटणिसाला क्वचितच मिळाली.

आणि मग डांगे. आमच्या घरात हे नाव जपासारखं होतं. वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते आणि लाल बावट्याचे सभासद. मी आठ-दहा वर्षांचा असेन, १९६७ ची निवडणूक. वडिलांनी मला खांद्यावर घेऊन नरे पार्कला नेलं होतं. लांबून एक बुटका माणूस दिसला. माणसं हसत होती, मधेच गप्प होत होती, पुन्हा हसत होती. काय बोलला ते मला कळलं नाही. पण वडिलांचे खांदे हसताना हलत होते ते आठवतं.

श्रीपाद अमृत डांगे १९६२ मध्ये पक्षाचे चेअरमन झाले. अजय घोष हे सरचिटणीस त्या जानेवारीत वारले, वारस कोण यावर पक्षात दोन तट, म्हणून तोड काढली: डांग्यांसाठी चेअरमन हे नवं पद तयार करायचं आणि सरचिटणीस नंबुद्रीपाद यांना करायचं. मुख्य चटई एकाला, चोपडी दुसऱ्याला. दोन वर्षांत पक्ष फुटला. फुटीला कारणं मोठी होती, चीनचं युद्ध, काँग्रेसशी कसं वागायचं हा वाद. पण ठिणगी पडली ती कागदांनी. दिल्लीच्या सरकारी अभिलेखागारात १९२४ सालची काही पत्रं सापडली, डांग्यांनी तुरुंगातून इंग्रज सरकारला लिहिलेली म्हणून. डांगे म्हणाले, बनावट आहेत. एप्रिल १९६४ मध्ये राष्ट्रीय परिषदेतून ३२ जण उठून गेले आणि त्यांचा मार्क्सवादी पक्ष झाला. त्या पक्षानं चेअरमन हे पद ठेवलंच नाही.

उरलेल्या पक्षात डांगे चेअरमन, आणि सरचिटणीस आंध्रचे राजेश्वर राव. भाषण, विद्वत्ता, किस्से, संस्कृत, कामगारांचं प्रेम, कशातच रावांची बरोबरी डांग्यांशी होणार नाही. पण जिल्ह्याजिल्ह्यांशी पत्रव्यवहार रावांकडे. आणीबाणीनंतर वारं फिरलं. इंदिरा गांधींना दिलेला पाठिंबा चुकला, असं १९७८ च्या भटिंडा अधिवेशनात पक्षानं ठरवलं. डांगे ते मान्य करेनात. १९८१ मध्ये पक्षाच्या स्थापनेपासूनच्या या माणसाला पक्षातून काढून टाकलं. राव सरचिटणीस राहिले १९९० पर्यंत. डांग्यांना काढलं त्या दिवशी वडील कोणाशी बोलले नाहीत. मी तेव्हा नोकरीला लागलो होतो आणि चोपडी म्हणजे काय हे नुकतंच शिकत होतो. आज वाटतं, त्यांना सांगायला हवं होतं: अण्णा, डांग्यांनी चटई घेतली तिथंच ते हरले. पण तसं बोलायची टाप कोणाची होती?

जिथं मार्क्सवादी पक्ष खरोखर राज्यावर आला, त्या बंगाल-केरळातही ही जोडी दिसते. बंगालमध्ये ज्योती बसू मुख्यमंत्री आणि पक्षाचा चिटणीस प्रमोद दासगुप्ता, आपल्या अलीमुद्दीन स्ट्रीटच्या कचेरीत. केरळात पिनराई विजयन मुख्यमंत्री होण्याआधी १९९८ ते २०१५ राज्य चिटणीस होते. पण आपल्याकडच्या सरचिटणिसाची ताकद किती, हे १९९६ नं दाखवलं. ज्योती बसूंनी पंतप्रधान व्हावं म्हणून बाकीचे पक्ष हात जोडून उभे होते. बसू तयार, आणि सरचिटणीस सुरजीतही तयार. केंद्रीय समितीनं मत घेतलं आणि नको म्हटलं. सुरजीत गप्प बसले. बसूंनी पुढे त्याला ऐतिहासिक घोडचूक म्हटलं. घोडचूक असेल किंवा नसेल; मॉस्कोत किंवा बीजिंगमध्ये सरचिटणीस आपल्याच समितीत मतदानात हरला आणि दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत कामाला बसला, असं उदाहरण पुतण्यानं मला शोधून दाखवावं. त्याच पक्षानं २०१२ मध्ये सरचिटणिसाला तीन कारकिर्दींची मर्यादाही घातली. ती बंगाल-केरळात सत्तेत असताना घातली असती तर मी जास्त कौतुक केलं असतं.

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्याही निवडणुका झाल्या आणि मी उभा राहिलो नाही. नव्या सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावरच्या बाई आहेत, बँकेत नोकरीला. चार्ज द्यायला कपाट रिकामं केलं. सभासद नोंदवही, इतिवृत्ताच्या सात वह्या, ऑडिटच्या फायली, टाकीच्या कंत्राटाचा तो कागद. बाईंनी प्रत्येक वस्तूपुढे टिकमार्क करून माझी सही घेतली. चेअरमनसाहेब बाजूला खुर्चीवर बसून पेढे वाटत होते.

तळाच्या खणात माझीच एक पत्र्याची डबी निघाली, घरात जागा नाही म्हणून कधीतरी तिथं ठेवलेली. तिच्यात वडिलांचे कागद आहेत. ते १९९१ च्या मे महिन्यात माझ्याकडे तुर्भ्यालाच होते. २१ तारखेच्या रात्री राजीव गांधींची हत्या झाली आणि २२ ला डांगे गेले. रेडिओवर शोकसंगीत चालू होतं, ते डांग्यांसाठी नव्हतं. वडिलांनी ही डबी तेव्हा काढली होती. आत लाल बावट्याच्या युनियनच्या वर्गणीच्या पावत्या आहेत, एका दोऱ्यात ओवलेल्या, तारखेवारी. वडील साचेवाले होते, पण हे काम चिटणिसाला शोभेल असं केलं आहे. डांग्यांचं नाव एकाही पावतीवर नाही. प्रत्येकीवर खाली डाव्या कोपऱ्यात चिटणीस असं छापलंय आणि त्याच्यावर निळ्या शाईत एक सही आहे. वर्षानुवर्षं एकाच माणसाची. मेहताजी म्हणून मी हजारो सह्या वाचल्या आहेत, ही काही लागत नाही. पहिलं अक्षर 'द' आहे की 'ह', तेवढ्यावरच अडतो.